काचेच्या पेटीतलं ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचं वडगाव निंबाळकर बारामती तालुक्यात, नीरा-बारामती रस्त्यावर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि त्या पाण्यावरचा ऊस, ही आमची ओळख. समुद्र म्हणाल तर तो पार सह्याद्रीच्या पलीकडे. अशा गावातल्या एका निवृत्त शाळामास्तराने समुद्रातल्या प्रवाळांबद्दल आणि त्यांना लागणाऱ्या उजेडाबद्दल बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण काही महिने माझ्या घरात तीन फूट लांबीचा एक समुद्र होता. तो माझ्या अज्ञानामुळे उजाड झाला. का झाला, हे शोधताना मला जो इतिहास सापडला, तो आज सांगायचा आहे.

सुरुवात झाली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली मरिन ड्राइव्हवर हे मत्स्यालय उभं राहिलं. बांधकामाला आठ लाख रुपये लागले आणि त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून त्यांचं नाव. माझ्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे मीही ते शाळेच्या सहलीत पाहिलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत अंधारं दालन. त्या अंधारात काचेच्या उजळलेल्या पेट्या आणि त्यात रंगीत मासे. आम्ही पोरं मासे पाहत होतो. तो उजेड कुठून येतो, कसला आहे, कुणासाठी आहे, हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर पुढची तीस वर्षं आलं नाही.

२००३ साली त्या हरवलेल्या छोट्या माशाचा, निमोचा, इंग्रजी चित्रपट आला. आमच्या मुलीने तो पाहिला आणि हट्ट धरला, की आपल्याकडेही निमो हवा आणि तो ज्यात राहतो ते फूलही हवं. ते फूल म्हणजे समुद्रफूल. दिसायला फुलासारखं, पण प्राणी. प्रवाळांचं जवळचं भावंड. २००६च्या पावसाळ्यात मी मुंबईतल्या एका दुकानातून दोन विदूषक मासे आणि एक तपकिरी समुद्रफूल आणलं. तीन फुटांची काचेची टाकी, मिठाची पाकिटं, हवेचा पंप, सगळं जमवलं. दिव्याचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "एक ट्यूब लावा, झालं." सुताराकडून लाकडी झाकण करून घेतलं आणि त्यात चाळीस वॅटची ट्यूब बसवली. टाकी कशी झगमगली म्हणता! गल्लीतली पोरं संध्याकाळी बघायला यायची.

ती वर्षं भारनियमनाची होती. दिवसातले दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची. इन्व्हर्टरची बॅटरी मी पंपासाठी राखून ठेवायचो. माशांचा श्वास थांबता कामा नये, एवढं कळत होतं. ट्यूब मात्र वीज असेल तेव्हाच. उजेड काय, बघायला कुणी आलं की लागतो, असा माझा समज.

दसऱ्यापर्यंत समुद्रफुलाचा तपकिरी रंग उतरू लागला. दिवाळीत ते पांढरंशुभ्र झालं. खरं सांगतो, मला ते जास्त सुंदर दिसलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, पांढऱ्याला जास्त किंमत येते. मी कोळंबीचे तुकडे भरवत राहिलो, पण फूल आक्रसत गेलं. एका संध्याकाळी शेजारचे आप्पा आले. जन्मभर ऊस केलेला माणूस. टाकीसमोर उकिडवे बसले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्येला ऊन मिळंना झालंय. आमच्या चिंचंखालच्या उसागत पिवळं पडलंय बघा."

मी हसलो. म्हटलं, "आप्पा, हा प्राणी आहे. पीक नव्हे."

जानेवारीत ते मेलं. जिथे ते चिकटलेलं होतं, त्या दगडापाशी दोन्ही मासे कितीतरी दिवस घुटमळत होते. मुलीने पुन्हा कधी निमोचं नाव काढलं नाही.

मग मी वाचू लागलो. आणि कळलं, की आप्पांनी एका नजरेत जे ओळखलं, ते ओळखायला जगातल्या शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षं लागली होती.

ही गोष्ट सुरू होते १८४६ साली. अ‍ॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ बरणीत घालून लंडनला नेले. पाणी शिळं होऊ नये म्हणून ती आणि तिची मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसत. प्रवाळ जगले. घरात प्रवाळ सांभाळण्याच्या ज्या पहिल्या नोंदी आहेत, त्यांत ही एक. पण यात नशिबाचा भाग मोठा होता. तिने आणलेले प्रवाळ थंड पाण्यातले, उजेडावर अवलंबून नसलेले होते. सगळेच प्रवाळ ऊन मागत नाहीत. आपल्याकडे मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं घ्या. ते भूमध्य समुद्रातलं, खोल आणि अंधाऱ्या कपारींत वाढणारं. त्याला उन्हाची गरज नसते.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं आणि वर्षभरात फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. घराघरात काचेच्या पेट्या आल्या आणि त्याबरोबर एक दुखणं आलं. खिडकीतल्या उन्हाने पाणी हिरवं व्हायचं, काचेवर शेवाळ चढायचं. त्या काळच्या जाणकारांनी यावर उपाय काढला, की बाजूने येणारा उजेड अडवायचा आणि फक्त वरून, मोजका उजेड द्यायचा. विल्यम अल्फर्ड लॉइड हे यातले मोठे नाव. हॅम्बुर्गचं १८६४चं आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं १८७१चं मत्स्यालय त्यांच्या हातचं. प्रेक्षक अंधारात आणि पेटी उजेडात, ही मांडणी तेव्हापासून जगभर रूढ झाली. मरिन ड्राइव्हवर आम्ही पोरांनी पाहिली ती तीच. म्हणजे मत्स्यालयांच्या इतिहासात उजेड हा आधी शत्रू म्हणून आला. त्याला आवरायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

उजेड कुणाचं तरी अन्न असेल, हा विचार वेगळ्या वाटेने आला. १८८१ साली कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं, की समुद्रफुलांसारख्या काही प्राण्यांच्या अंगात दिसणारे पिवळट-तपकिरी कण हे प्राण्याचे स्वतःचे नसून आत वस्तीला आलेली एकपेशीय शैवालं आहेत. आमच्या फुलाचा तपकिरी रंग तो हाच. ही शैवालं प्राण्याच्या काय उपयोगाची, यावर मात्र पुढे बराच वाद झाला.

१९२८-२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली एक ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर तळ ठोकून राहिली. त्यांनी प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिले. शैवालं निघून गेली, प्रवाळ पांढरे पडले, पण बारीक जीव खायला मिळत होते तोवर जगले. याँग यांनी निष्कर्ष काढला, की प्रवाळ हा मांसाहारी प्राणी आहे. शैवालं त्याचा कचरा उचलतात, पण त्याचं पोट भरत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाची ही चूक वाचून मला जरा धीर आला. मीही कोळंबीच भरवत होतो ना!

उत्तर मिळालं १९५८ साली, अमेरिकेत. लेनर्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी एका समुद्रफुलालाच प्रयोगासाठी घेतलं. किरणोत्सारी कार्बनची खूण करून त्यांनी दाखवलं, की आतल्या शैवालांनी उजेडात तयार केलेलं अन्न प्राण्याच्या शरीरात जातं. पाठोपाठ थॉमस गोरो यांनी दाखवलं, की प्रवाळांचा चुन्याचा सांगाडाही उजेडात अधिक वेगाने वाढतो. म्हणजे आप्पा आणि मी, दोघेही अर्धे बरोबर होतो. हा प्राणी खरा, पण त्याच्या अंगात पीक आहे. पिकाला ऊन मिळालं नाही तर पीक जातं आणि त्यामागून शेतकरीही जातो.

मग हे ऊन घरात आणायचं कसं? पहिलं उत्तर आपल्यासारख्याच उष्ण देशातून आलं. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत जिवाणू असलेले दगड, हवेचे बुडबुडे आणि खरं सूर्यप्रकाशाचं ऊन एवढ्यावर घरी प्रवाळ सांभाळले. १९६१ साली त्यांची ही पद्धत छापून आली. युरोपातल्या ढगाळ हवेत बसलेल्या हौशी लोकांना ती करता येईना. विषुववृत्ताजवळच्या माणसाला मात्र ऊन फुकट होतं.

हे वाचल्यावर वाटलं, वडगावलाही उन्हाला काय तोटा? टाकी अंगणात ठेवली असती तर? पण आपल्या उन्हाबरोबर उष्णता येते. समुद्रफुलाला पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान मानवतं. चैत्र-वैशाखात बारामतीकडे पारा चाळिशीला टेकतो. तीन फुटांच्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत कढत झालं असतं. अथांग समुद्र तापायला वेळ लागतो, काचेच्या पेटीला तेवढी सवड नसते.

इथे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे आपला डोळा. फूल गेल्यावर मी एका मित्राचा उजेड मोजायचा मीटर आणला. लक्स या एककात तो आकडा दाखवतो. टाकीच्या तळाशी, ट्यूब लावलेली असताना, आकडा दोन हजारांच्या आत. भर दुपारी अंगणात, जवळजवळ एक लाख. परसातल्या लिंबाच्या विरळ सावलीत गेलो, तिथे पंधरा हजारांच्या आसपास. समुद्रफुलाला साधारण त्या लिंबाखालच्या उजेडाइतका उजेड रोज आठ-दहा तास हवा होता. आणि मी त्याला दिला तो त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा, तोही वीज असेल तेव्हा. डोळ्याला हा फरक कळत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन तो सांभाळून घेते. झगमगलेली टाकी फुलाच्या दृष्टीने तिन्हीसांजेची होती.

उजेड किती, याबरोबर कुठल्या रंगाचा, हाही प्रश्न आहे. त्याच्या इतिहासाचं एक पान मुंबई बंदरातलं आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तोवर मानलं जाई. रामन यांनी बोटीवरच साध्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरचं प्रतिबिंब गाळून पाहिलं. निळाई कमी झाली नाही. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात आणि निळा अधिक विखुरतात, हे सांगणारं त्यांचं टिपण मुंबई बंदरातून 'नेचर' नियतकालिकाकडे गेलं. त्यावर २६ सप्टेंबरची तारीख आहे.

या निळाईला दुसरंही एक कारण आहे. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं आणि निळा खोलवर जाऊ देतं. आपल्या विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळ पठार आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीस मीटर. तिथे पोचतो तो निळा-हिरवा उजेड. लाखो वर्षं अशा पाण्यात राहून प्रवाळांतली शैवालं निळा प्रकाश उत्तम वापरू लागली. आपला डोळा मात्र पिवळ्या-हिरव्या रंगाला सर्वांत तल्लख. आपल्याला मंद वाटणारा निळा दिवा प्रवाळाचं पोट भरतो, आणि आपल्याला लख्ख वाटणारा पिवळा दिवा त्याला अर्धपोटी ठेवू शकतो. म्हणून जाणकार लक्सवर थांबत नाहीत. प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणारा प्रकाश किती, हे 'पार' नावाच्या मापाने मोजतात. भर दुपारच्या उन्हाचा पार दोन हजारांच्या घरात असतो. मऊ प्रवाळांना पन्नास ते शंभर, समुद्रफुलांना दीडशे ते अडीचशे, उथळ पाण्यातल्या फांद्यांच्या प्रवाळांना दोनशेपासून साडेतीनशेपर्यंत, असा हौशी लोकांचा अनुभवाचा हिशेब आहे.

दिव्यांचा इतिहास या हिशेबामागून धावत आला. आधी ट्यूब होत्या. एकीचं काम होईना म्हणून चार, सहा, आठ लावत आणि त्यात काही निळ्या. वर्षभरात त्यांचं तेज उतरतं, डोळ्याला दिसो वा न दिसो, म्हणून त्या बदलाव्या लागत. १९८०च्या दशकात बर्लिनमधल्या हौशी मंडळींनी मैदानांवर आणि दुकानांत वापरले जाणारे मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे टाकीवर टांगले आणि फांद्यांचे प्रवाळ घरात वाढू लागले. पण ते दिवे तापत आणि वीज खात. पाणी थंड ठेवायला आणखी एक यंत्र लागे.

१९९३ साली जपानमध्ये शूजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी दिवा तयार केला. त्याआधी अकासाकी आणि आमानो यांनी त्याचा पाया घातला होता. २०१४ साली तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातले आजचे पांढरे एलईडी बल्ब या निळ्या दिव्यावरच उभे आहेत. प्रवाळांना हवा होता तोच हा निळा, कमी विजेत आणि पाण्याला फारसं न तापवता. माझ्या २००६च्या टाकीला जे हवं होतं ते इन्व्हर्टरवरही चालू शकलं असतं. पण ते वडगावच्या बाजारात यायला अजून वेळ होता.

आज कुणी विचारलं, की अशा टाकीला दिवा कसा निवडायचा, तर मी एवढंच सांगतो. आधी प्राणी ठरवा, मग दिवा. तो समुद्रात किती खोलीवर आणि कसल्या पाण्यात राहतो, ते पाहा. टाकी उथळ ठेवा, कारण पाण्याच्या प्रत्येक विताला उजेड घटतो. वॅटवर जाऊ नका, वॅट म्हणजे विजेचा खप. पार मोजलेला दिवा घ्या किंवा मीटर मागून आणून तळाशी मोजा. दिव्याला घड्याळ लावा आणि रोज आठ ते दहा तास नेमाने द्या. नवा प्रखर दिवा आणलात तर मंद सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर करपतं, तसंच इथेही होतं. आणि भारनियमनाची सोय आधी करा, खरेदी नंतर.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. खडक बांधणारे सगळे प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्याच रांगेत. आपल्या समुद्रातले प्रवाळ काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० साली हाजीअली आणि वरळी इथल्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा सरकारी परवानगी आणि समुद्रशास्त्रज्ञ दोन्ही लागले. मुंबईच्या गढूळ पाण्यात, एवढ्याशा उजेडातही प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना तेव्हा कळलं. विदूषक मासा हवा असेल तर तो आता आपल्याकडे हौदात जन्माला येतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र बसवलं आहे. तो समुद्रफुलाशिवायही आनंदाने राहतो. समुद्रफुलं मात्र बहुधा समुद्रातूनच उचललेली असतात.

तारापोरवाला मत्स्यालय २०१५ मध्ये नव्या रूपात उघडलं, तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो. तोवर ती नोकरीला लागली होती. बारा फुटांच्या काचेसारख्या बोगद्यातून जाताना सगळे माशांचे फोटो काढत होते. ती वर पाहत होती. म्हणाली, "बाबा, दिवे बघा. निळे आहेत." पुढे २०२०च्या टाळेबंदीत ते मत्स्यालय बंद झालं.

माझी टाकी अजून माळ्यावर आहे. मी पुन्हा समुद्रफूल आणलं नाही. आता दिवा जमला असता, पण समुद्रातून उचललेला जीव पुन्हा पेटीत घालायला मन झालं नाही. आप्पा आता नाहीत. त्यांच्या बांधावरची चिंच आहे आणि तिच्याखालचा ऊस दर वर्षी पिवळाच असतो. येता-जाता तो दिसतो, आणि मी आप्पांना हसलो होतो, ते आठवतं.